नऊ अधिक एक शून्य

मी एक जुनं गणनयंत्र आहे, मित्रांनो, आणि माणसांच्या हुशारीबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही. आकडे लावायचे, दांडा फिरवायचा, की माझ्या खिडकीत उत्तर हजर. १९५४ साली वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला आणलं.

तिथे बाबाराव सर मुलांना अवघड समीकरणं सोडवायला शिकवत. अंदाजाने एक आकडा धरायचा, समीकरणात घालायचा, चूक किती पडली ते पाहून आकडा सुधारायचा, आणि चूक संपेपर्यंत हेच करत राहायचं. सर हे छान शिकवत. त्यांची स्वतःची मात्र कधी चूक होत नसे.

पहिल्याच दसऱ्याला त्यांनी माझी यथासांग पूजा केली. मूठभर कुंकू माझ्या पोटात गेलं, तेलात कालवलं गेलं आणि हातचा पुढे नेणारं चाक अडकलं. तेव्हापासून मी चुकीची उत्तरं देत होतो. तीन वर्षं ती शहाणी पोरं तीच वहीत उतरवत राहिली. नंतर तर दांडा फिरवायचेही कष्ट कोणी घेईना, आदल्या वर्षीची वही समोर ठेवली की झालं.

मग आंजी गावचा प्रेमदास आला. त्याच्या घरातून कॉलेजात पोचलेला पहिलाच. टाकीतल्या पाण्याची खोली त्याने माझ्यावर काढली, तीच कागदावरही काढली. उत्तरं जुळेनात.

"सर, मशीनचं उत्तर समीकरणात टाकलं तं शून्य नाई येऊन राह्यलं."

"मशीन चुकते का कधी? उत्तर बदल, नाई तं वहीवर सही नाई."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आख्खं वर्ष पाण्यात. तरी प्रेमदासने माझ्याकडे बोट दाखवलं. मला त्याची फार काळजी वाटली.

"हातचाच जाऊन नाई राह्यला, सर. नवात एक मिळवून पाहा."

सरांनी ऐटीत नऊ लावले, दांडा फिरवला. मग एक लावला, पुन्हा फिरवला. सगळा वर्ग माझ्यावर वाकला. खिडकीत दहा नव्हते, नुसतं शून्य होतं.

सरांनी प्रेमदासच्या वहीवर सही केली आणि 'मशीन बिघडली' म्हणून मला अडगळीत टाकलं. कोणी बिघडवली, हे कोणी विचारलं नाही. दर दसऱ्याला शिपाई हरिदास इथेही आठवणीने कुंकू वाहून जातो.

मित्रांनो, यंत्राला पुसा, तेल घाला, आणि त्याचं उत्तर एकदा कागदावर पडताळून पाहा. पूजा नसली तरी चालेल. माझ्या शेजारच्या फळीवर त्या जुन्या वह्या आहेत. नवी मुलं येतात आणि उतरवायला घेऊन जातात. प्रेमदासची वही तेवढी कोणी नेत नाही. तिच्यातलं उत्तर बाकीच्यांशी जुळत नाही ना.