रूथ नावाच्या चार मुली

चारुताने यादीत चौथ्यांदा ‘रूथ’ टाइप केलं आणि स्क्रीन एडनाबाईंकडे वळवली.

अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांना घरांतून उचलून आणून इंग्रजी नावं देणारी, इंग्रजी वळण लावणारी ती शाळा केव्हाच बंद पडली होती. तिची जुनी कागदपत्रं ओहायोतल्या या लायब्ररीत आली आणि त्यांची यादी नीटनेटकी करण्याचं काम चारुताकडे. शाळेमागच्या दफनभूमीत चार रूथ होत्या. त्यातली एक एडनाबाईंच्या आजीची धाकटी बहीण. तिच्या अस्थी घरी न्यायच्या तर ती नेमकी कोणती, ते कागदावर दाखवायला हवं. घरच्यांना मात्र तिचं खरं नाव तेवढं ठाऊक होतं.

बाहेर बर्फ पडत होतं की नुसतंच तरंगत होतं, कळत नव्हतं. खिडकीशी चारुताच्या सासूबाई, सुलभाताई, शाल लपेटून पेंगत होत्या. घरी एकटीला करमत नाही म्हणून त्या सोबत आल्या होत्या.

“जुनं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही का गं?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“कॉलम होता, आई. अकराशे नावांत जेमतेम तीस भरलेली. बाकी सगळं ब्लँक, म्हणून डिलीट केला. डेटा क्लीन करताना आम्ही करतोच तसं.”

सुलभाताईंनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. चारुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मुकाट्याने जुनी फाइल शोधली, उघडली, खाली खाली सरकत गेली. तिसऱ्या रूथपाशी थांबली. तिथे कुणा कारकुनाने वेड्यावाकड्या स्पेलिंगात एक लांबलचक नाव लिहिलेलं होतं.

एडनाबाईंनी ते नुसतं वाचलं नाही. खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी त्यांनी हाक मारली. मग पुन्हा एकदा, हळू.

मग सुलभाताई सावकाश जवळ आल्या.

“माय नेम ऑल्सो चेंज,” त्या अडखळत एडनाबाईंना म्हणाल्या. “मॅरेज डे. बिफोर, लतिका.”

या घरात येऊन चारुताला नऊ वर्षं झाली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

एडनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याच आवाजात हाक मारली, “लतिका.”

“ओ,” सुलभाताई म्हणाल्या.