कॉन्ट्रास्टचा रकाना

एमआरआयच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या या माणसाला सगळे मास्तर म्हणत, कारण नव्याने आलेला प्रत्येक तंत्रज्ञ त्याच्या हाताखालूनच जायचा. पहिला धडा यंत्राचा नसे, चेहऱ्याचा असे. पडद्यावर काहीही दिसो, काचेपलीकडून पेशंट आपलं तोंड वाचायला टपलेला असतो. तेव्हा तोंडावरची रेषसुद्धा हलता कामा नये. "रिपोर्ट डॉक्टर देतील," एवढं म्हणायचं आणि पुढचा पेशंट घ्यायचा.

आज काचेपलीकडे त्याची ताई होती.

आई गेली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचा होता आणि ताई सतराची. तिने शाळा सोडली, शिवणयंत्र धरलं आणि भावाला मोठं केलं. दिवसभर सुईशी खेळणारी बाई, पण इंजेक्शनची सुई दिसली की पांढरीफटक पडायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली कर्करोगाची गाठ काढली. नंतरच्या औषधांनी हाताच्या शिरा पार बसल्या. एक शीर सापडायला चारचारदा टोचून घ्यावं लागे, आणि मग तर तिने सुईचा धसकाच घेतला.

सात महिन्यांपूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ठळक लिहिलं होतं, कॉन्ट्रास्टसह. म्हणजे आधी साधा स्कॅन, मग शिरेतून औषध, मग पुन्हा स्कॅन. साध्या चित्रात सगळा मेंदू करडा, आणि बारीक गाठी त्या करड्यात बेमालूम मिसळून बसतात. औषध रक्तातून फिरतं, गाठ असेल तिथे झिरपतं, आणि ती जागा पांढरी उजळते. हे मास्तरने कितीजणांना शिकवलं होतं, त्याला मोजदाद नाही.

पण त्या दिवशी ताईने टेबलावर पडल्या पडल्या विचारलं, "सुई टाळता येणार नाही का रे? तू आहेस ना इथे?"

साधा स्कॅन तर निर्मळ दिसत होता. मास्तर विरघळला. फॉर्मवर कॉन्ट्रास्टच्या रकान्यात त्याने लिहून टाकलं, 'रुग्णाचा नकार'. परकी बाई असती तर त्याने गोडीने, नाहीतर दोन शब्द सुनावून सुई घ्यायला लावलीच असती. आपल्या माणसाला सवलत द्यायची खोड त्या इमारतीत सगळ्यांनाच होती. कुणी रांग चुकवून देई, कुणी तारीख अलीकडची लावून देई. मास्तरने सुई चुकवून दिली, आणि वर त्याला फार बरंही वाटलं.

रिपोर्टाच्या तळाशी चित्रं तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी एक ओळ घातली होती, 'कॉन्ट्रास्ट न दिल्याने बारीक गाठी नाहीतच असे म्हणता येत नाही.' अशा प्रत्येक रिपोर्टात ती असतेच, म्हणून मास्तरने तिच्याकडे कानाडोळा केला. "स्वच्छ आहे ताई. चष्म्याचा नंबर बदलला असेल," तो म्हणाला. ताईने दुसऱ्याच दिवशी नवा चष्मा केला. भावाने सांगितल्यावर ती पुन्हा डॉक्टरांकडे जाईल कशाला? डोकं दुखतच राहिलं आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात तिच्या हातून कात्री सुटून पडायला लागली, तेव्हा शेजारणीने तिला ओढतच नेलं.

आज सुई नर्सने लावली. ताईने डोळे मिटून घेतले होते. औषध गेलं, यंत्र पुन्हा धडधडायला लागलं, आणि पडद्यावर एकेक चित्र उतरू लागलं.

पहिला पांढरा ठिपका दिसला. मग दुसरा. मग दोन जवळजवळ, मग खाली एक मोठा, कडेने पांढरा आणि आत काळा. नवापर्यंत मोजून त्याने मोजणं सोडून दिलं. काचेपलीकडे दिसत होते फक्त ताईचे पाय, आणि त्यातल्या एका मोज्याला अंगठ्याजवळ नीट रफू केलेलं होतं. मास्तर त्या रफूकडेच बघत राहिला.

डॉक्टरबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही. त्यांनी सात महिन्यांपूर्वीची चित्रं शेजारी लावली आणि करड्यात एका जागी बोट ठेवलं. "ही बहुधा तेव्हाही होती. औषध दिलं असतं तर दिसली असती. एकदोन असतील तर किरणांनी जाळता येतात. आता या इतक्या…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. पेशंट त्याची कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी ताईला आत बोलावून खुर्ची दिली आणि गाठी डोक्यात पसरल्याचं सांगितलं. आवाज मऊ होता, तरी प्रश्न त्यांना आवरला नाही. "गेल्या वेळी तुम्ही कॉन्ट्रास्टला नकार का दिलात हो?"

ताईला प्रश्न कळला नसावा. "नकार?" ती म्हणाली. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. बावीस वर्षं न हललेला तो चेहरा आज पुरता उघडा पडला होता, आणि ताईने तो लहानपणापासून वाचलेला होता. फुटलेली काच, चोरलेली पेन्सिल, नापासाचं प्रगतिपुस्तक, सगळं तिने याच चेहऱ्यावर वाचून आपल्या पदराखाली घेतलं होतं.

मास्तरने तोंड उघडलं. आता सांगून टाकावं, की नकार तिचा नव्हता, तो मी लिहिला. पण उद्याची नोकरी डोळ्यांपुढे आली, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

"मीच नाही म्हणाले," ताई डॉक्टरबाईंना म्हणाली. "सुईला भिते मी. यांनी फार समजावलं हो. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि कागदावर तसं लिहून घेतलं.

बाहेर बाकावर दोघं बसली. ताईने किती दिवस उरले ते विचारलं नाही. ती रडलीही नाही. कोपराशी चिकटवलेली पट्टी तिने हळूच सोलून काढली, खालचा कापूस उचलला आणि कातडीवरचा तो लालसर ठिपका बराच वेळ न्याहाळत राहिली.

"एकाच खेपेत लागली रे आज," ती म्हणाली. "एवढीशीच टोचली."