बशीतला चहा

मुनाफ यांच्या हातून कपातला चहा सांडत असे आणि बशीतला सांडत नसे.

त्यांच्या नातीने, जिक्राने, हे प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी सांगितले होते. तिच्या वर्गमैत्रिणीने, अनुयाने, ते कानाआड केले. ती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन डिझाइनच्या अभ्यासक्रमाला आली होती आणि घरच्यांचे सांगणे तिच्या लेखी पुरावा नव्हते. उथळ भांडे जरा कलले तरी द्रव काठाबाहेर येतो. म्हणजे बशीतून जास्त सांडायला हवे. ‘वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करा’ हे सरांचे पालुपदही तिला पोकळच वाटे.

दोघींचा प्रकल्प होता हात थरथरणाऱ्या माणसासाठी कप, आणि माणूस होते जिक्राचे नाना, म्हणजे आजोबा मुनाफ. आखातात जहाजांची इंजिने दुरुस्त करून ते पनवेलला परतले होते. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीसमोरच्या हॉटेलात दोस्तांबरोबर चहा, हा त्यांचा नेम. एका शुक्रवारी त्यांचा चहा शेजारच्या दोस्ताच्या पांढऱ्या कुडत्यावर सांडला. तेव्हापासून नाना नमाज आटोपून थेट घरी येत. दोस्त बोलवायला आले की झोपेचे सोंग घेत. नानांनी पुन्हा त्या बाकावर बसावे, एवढेच जिक्राला हवे होते.

कप तयार झाला. जड बूड, वर झाकण, झाकणाला फट. दिवाणखान्यात खुर्ची मांडली, मोबाइलचा कॅमेरा लावला. नानांनी कप फिरवून पाहिला.

“बेटा, याला निपल लावायचं राहिलं का?”

“नाना, मस्करी नको. प्या.”

“बिस्मिल्लाह,” म्हणून त्यांनी घोट घेतला. चहा फटीतून उसळून दाढीवर आला. त्यांनी कप खाली ठेवला. “हे घेऊन मी दोस्तांत बसू? त्यापेक्षा चहाच सोडतो.” हे मात्र मस्करीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अनुया कप परत न्यायला आली. पुढचे दार बंद, म्हणून ती परसातून गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी थबकली. आत नाना बुटक्या पाटावर बसले होते. गुडघे वर, कोपरे गुडघ्यांवर, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली बशी. चहावर बारीक वर्तुळे उठत होती आणि काठाला पोहोचण्याआधीच विरत होती. नानांनी मान झुकवली, फुंकर घातली, घोट घेतला. एक थेंब पडला नाही. प्रयोगशाळेत नाजूक तराजूला हादरे बसू नयेत म्हणून दगडी ओटे बांधतात. या म्हाताऱ्या शरीराने स्वतःच्याच गुडघ्यांचा ओटा केला होता, आणि त्याच्या मालकाला त्याचा पत्ताही नव्हता. अनुया बराच वेळ नुसती पाहत राहिली. काही मोजावे असे तिला सुचलेच नाही.

“कोण? अनुया? समोरून यायचं ना! बशीत फुंकताना पकडलंस.”

“उठू नका, नाना. आता असंच बसून साधा कप धरा.”

“पाहुण्यासमोर असं?”

“मी पाहुणी नाही. मापं घ्यायला आलेय.”

“म्हणजे शिंपीण!”

नाना हसले, पण उठले नाहीत. कप तसाच दोन्ही हातांत धरला. चहा सांडला नाही. मग अनुयाने त्यांना खुर्चीवर बसवून बशी एका हातात दिली. पहिल्याच घोटाला सगळा चहा मांडीवर.

“सांडला!” अनुया ओरडली.

जिक्रा आतल्या खोलीतून फडके घेऊन धावत आली. “सांडला तर नाचतेस काय गं?”

पुढच्या शुक्रवारी नाना हॉटेलच्या बाकावर बसले नाहीत, शेजारच्या पायरीवर बसले.

“खाली का रे, मुनाफ?” एका दोस्ताने विचारले.

“इंजिनिअर लोकांचा हुकूम,” नाना म्हणाले, आणि कोपरे गुडघ्यांवर टेकवून ग्लास दोन्ही हातांत घेतला. तो दोस्तही आपला ग्लास घेऊन पायरीवर उतरला.

प्रकल्पात सादर करायला कप उरला नव्हता. अनुयाने फक्त कारण लिहिले. खुर्चीवर ताठ बसून एका हाताने कप धरला की खांदा, कोपर आणि मनगट या तिन्हींची थरथर मिळून कपापर्यंत पोहोचते. भरलेली बशी दोन्ही हातांनीच धरावी लागते, आणि बुटक्या पाटावर कोपरे आपोआप गुडघ्यांवर टेकतात. मग खांद्याची थरथर तिथेच अडते आणि दोन्ही हात एकमेकांना आवरतात. नाना बशीतून पीत ते घरी पाटावर बसूनच, आणि पाहुण्यासमोर ते पाटावर बसत नसत. अनुया पाहुणी होती, म्हणून आधीचा प्रत्येक प्रयोग खुर्चीवर झाला.