उमानं दार उघडलं का?

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मोताळ्याच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. आठवडाभर देवादिकांचे सिनेमे झाले आणि तंबू उठता उठता मालकानं एक नवं चित्र लावलं, तेही एकाच संध्याकाळसाठी. टांग्यावरचा भोंगा गावभर ओरडत फिरला, "पेशवाईतली प्रीत! थोर कादंबरीवरून काढलेलं चित्र!"

अन्नपूर्णाबाईला काही राहवेना. मळ्यातली वांगी तोडायची, टोपलं भरून दारोदार विकायची, परत येऊन पाणी धरायचं, यातून तिनं आठवडाभर तंबूचं तोंड पाहिलं नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, "चाला ना जी. काय हाये ते पाहू तर."

"हाव," इंद्रभान म्हणाला. तो कमी बोलणारा माणूस. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली, पण दोघांचं बोलणं वाफे, बैल आणि बाजारभाव यापलीकडे फारसं गेलं नव्हतं.

तंबूत मधोमध कनात होती. बाया इकडे, गडी तिकडे. सिनेमा सुरू झाला आणि अन्नपूर्णाबाई बाजूच्या बाईचं रडकं पोर, बुडाखालची ओली माती, सगळं विसरली. पडद्यावर उमा नावाची एका सरदाराची लेक होती. शिलेदार हंबीर तिला नदीच्या घाटावर भेटायचा. लग्नाची बोलणी होत आली, तेवढ्यात हंबीर मोहिमेवर उत्तरेत गेला आणि मागून तो पडल्याची खबर आली. उमाचं एका प्रौढ जहागीरदाराशी लग्न लावून दिलं. जहागीरदार मोठा भला माणूस, तिला फुलासारखा जपणारा. वर्षं गेली. एके दुपारी दारात एक बैरागी आला आणि त्यानं भिक्षेचा आवाज दिला. आत उमाला तो आवाज ओळखीचा वाटला, तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती दाराशी आली, कडीला हात लावला...

आणि पडदा पांढरा झाला.

तंबूत एकच गलका उडाला. मालक कंदील घेऊन पुढे आला. "मंडळी, शेवटचं रीळ मागच्या गावीच राहिलं! ते आता परस्पर वडनेर भोलजीले येऊन राह्यलं. उद्या सकाळी तंबू तिकडंच जाते."

लोकांनी त्याला काय काय ऐकवलं ते सांगण्यात अर्थ नाही. रीळ काही शिव्यांनी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे ती त्याच्यासंगं पळून गेली, कोणी म्हणे जहागीरदारानं तलवार काढली. अन्नपूर्णाबाईला एकही शेवट पटेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. टोपलं घेऊन ती शरयूबाईंच्या दारी गेली. शरयूबाई कन्याशाळेत शिकवायच्या, त्यांचे यजमान नीळकंठराव कचेरीत होते. वांगी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अहो, ती कादंबरी मी कॉलेजात वाचली आहे. आम्हाला अभ्यासालाच होती."

अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसलीच. "मंग सांगा ना बाई! उमानं दार उघडलं काय?"

"उघडलं. बैराग्याच्या झोळीत धान्य घातलं, एक शब्द बोलली नाही, आणि दार लावून घेतलं. तिथं पुस्तक संपतं."

"तिनं त्याले वळखलं नाही?"

"ओळखलं ना. म्हणूनच बोलली नाही."

"मंग इचारलं काऊन नाही? इतके साल कुठी होता, मेल्याची खबर कोनं धाडली, जित्ता होता तं आला काऊन नाही?"

शरयूबाईंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. "मला कधी असं वाटलंच नाही बघा," त्या म्हणाल्या. "परीक्षेत ‘उमेचा त्याग’ यावर निबंध यायचा, तो आम्ही लिहायचो." मग पुढचं वांगं उचलत म्हणाल्या, "सिनेमावाले शेवट बदलतात म्हणे. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा हं, अन्नपूर्णाबाई."

संध्याकाळी वाफ्यावर पाणी फिरवता फिरवता इंद्रभान आपणहून बोलला. "वडनेरच्या जनकामावशीले भेटून लय दिस झाले. उद्या गाडी जुंपतो."

मावशीची आठवण त्याला वर्षभरात आली नव्हती. अन्नपूर्णाबाई हसू दाबून "बरं" म्हणाली.

सकाळी गाडी निघाली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती, उन्हात पांढरीशुभ्र. बैलांची घुंगरं वाजत होती. मग इंद्रभाननं, मागे न पाहता, विचारलं, "तू असती तं काय केलं असतं?"

"कोनाच्या जागी?"

"उमाच्या."

अन्नपूर्णाबाईनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ ताठ झालेली होती. तिच्या ध्यानात आलं, हा प्रश्न सिनेमातला नाही. तिचं माहेर पार तिकडे दुसरबीडला. तिथं उकंडरावांच्या कचरूशी तिची सोयरीक ठरत आली होती. साखरपुड्याच्या तोंडावर कचरू गाव सोडून गेला तो परत आला नाही. मग मोताळ्याचं स्थळ आलं. ही गोष्ट इंद्रभानला कोणी सांगितली असेल, कधी सांगितली असेल, तिला ठाऊक नव्हतं. त्यानं आजवर एक अक्षर काढलं नव्हतं.

"कचरूचं इचारता काय?" ती म्हणाली.

"हाव," तो म्हणाला.

"त्याले म्या दोनदा पाह्यलं होतं. एकदा हिरीवर, एकदा जत्रेत. हसरा होता." तिनं खरं तेच सांगितलं. "लय दिस मले एकच वाटे, का गेला काऊन? माह्यात काई खोट दिसली काय? दारी आला असता तं आंधी जेवाले वाढलं असतं. मंग इचारलं असतं."

"आन मंग?"

"मंग काय? तुमी मळ्यातून येईपर्यंत बसवून ठेवलं असतं. तुमाले नसतं काय ऐकाचं?"

इंद्रभानची पाठ हळूहळू सैल झाली. "ऐकाचं होतं," तो म्हणाला. "इतक्या दिसांपासून."

वडनेरला मावशीनं पिठलं-भाकर घातली आणि दिवेलागणीला तिघंही तंबूत गेली. या खेपेला रीळ आलं होतं. उमानं दार उघडलं, बैराग्यानं तोंडावरच्या जटा सारल्या, दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि हंबीर उंबऱ्यावरच कोसळून मेला. लगोलग वीज कडाडली, एक लांबलचक गाणं झालं, बायांनी पदर डोळ्यांना लावले. जनकामावशी तर हुंदके देत होती.

अन्नपूर्णाबाई मात्र फणफणत बाहेर आली. "मारून टाकला! पुस्तकात ही मुकी आन इथं तो मेला. कोनी कोनाले काई इचारतच नाही!"

कनातीच्या पलीकडून आलेला इंद्रभान हे ऐकून हसायला लागला. तो असा मोठ्यानं हसतो हे तिला माहीतच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरबीडला तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं. दोघं एस.टी.नं गेली. कचरू आलाय, ही बातमी तिला ओसरीवरच कळली. मनमाडला रेल्वेत नोकरीला होता म्हणे, बायको-पोरं घेऊन लग्नाला आला होता. जेवणाच्या पंगती उठल्यावर मांडवाच्या कडेला तो पानाला चुना लावत बसलेला दिसला. डोकं निम्मं टकलं झालेलं, पण हसू तेच.

तिनं इंद्रभानकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा. इचार."

"तुमीबी चाला."

दोघं त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कचरू गडबडून उठला. माहेरात आल्यावर अन्नपूर्णाबाईची बोली आपोआप जुनी झाली होती. "कचरूभाऊ," ती म्हणाली, "राग नाही, लोभ नाही. मला फक्त येवढं सांग. तू गेलास काहून?"

कचरूनं इंद्रभानकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "खरं सांगू? हसशील."

"सांग तर."

"मला आगगाडी बघायची व्हती. लगीन झालं की शेतात गुतायचं, मग कोण सोडतंय? म्हणून सोयरिकीच्या आधी जालन्याला चालत गेलो. म्हणलं, बघून दोन दिसांत येतो. गाडी आली. नुसती बघावी तर आत बसावं वाटलं. बसलो. तिकीट कुठलं? मनमाडला उतरवून घेतलं, तिथं कोळसा भरायच्या कामाला लागलो. मग घरी यायला तोंड ऱ्हायलं नाही. आज यीन, उद्या यीन... तवर तुझं लगीन झाल्याचं कळलं."

"म्हणजे माझ्यात खोट नव्हती?"

"तुझ्यात?" कचरू भांबावला. "तुझ्यात कसली खोट?"

किती वर्षं अन्नपूर्णाबाईनं पाण्यात तोंड पाहताना, वेणी घालताना, काय कमी होतं ते शोधलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच पाण्यातून ती खळखळून हसली. "मग मला का नाही सांगितलंस? मीबी आले असते की आगगाडी बघायला!"

कचरू हसला. त्याच्या मागे उभी असलेली त्याची बायको हसली. इंद्रभान जरा उशिरानं हसला. मग त्यानं कचरूच्या हातातलं पान घेतलं, तोंडात घातलं आणि त्याच्या शेजारी बसून मनमाडला कोळसा कुठून येतो ते विचारायला लागला.

मोताळ्याला परतल्यावर अन्नपूर्णाबाईनं हे सगळं शरयूबाईंना सांगितलं. त्यांनी शाळेला उशीर होऊ दिला, पण मधेच उठल्या नाहीत. "हे पुस्तकात असतं तर," त्या म्हणाल्या, "आम्ही निबंधात काय लिहिलं असतं कोण जाणे."

त्यानंतर एका रविवारी इंद्रभाननं वांग्यांचं टोपलं शेजारणीच्या हवाली केलं आणि बायकोला नवं लुगडं नेसायला लावलं. कुठं जायचं ते सांगेना. एस.टी. मलकापूरला पोचली, तिथून तो तिला घेऊन स्टेशनात शिरला. आगगाडी तिनं पाहिली होती, अनेकदा, फाटकाशी उभं राहून. आत पाय कधी ठेवला नव्हता. त्यानंही नाही.

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "कुठलं देऊ?"

इंद्रभान अडखळला. याचा त्यानं विचारच केला नव्हता. तो मागे वळला. "कुठलं घ्याचं व?"

"पुढं कोनतं येते?"

"नांदुरा. मंग शेगाव. मंग अकोला."

अन्नपूर्णाबाईनं रुळांकडे पाहिलं. लांबवर धूर दिसायला लागला होता. "शेगावचं घ्या," ती म्हणाली. "अकोल्याचं पुढच्या खेपेला पाहू."