माझ्या खटक्यांना कोणतं वंगण?

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर वाटीभर दूध सांडलं. तोवर माझं बरं चाललं होतं.

मी एक कीबोर्ड आहे, जुना. हल्लीच्या चपट्या पोरांसारखा नाही, मला उचलायला दोन हात लागतात. माझ्या प्रत्येक बटणाखाली एक खटका आहे. खटक्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि नखाएवढी धातूची पत्ती. बटण दाबलं की दांडी खाली सरकते, पत्ती वाकून सुटते आणि म्हणते, ‘टिक’. म्हणजे अक्षर लागलं, पुढे चला.

कारखान्यातून मी थेट एका कचेरीत गेलो. तिथे बाई टायपिस्ट होत्या. त्यांची बोटं अशी पळायची की शिपाई म्हणायचा, “बाई, जरा दमानं. साहेबांना सह्या करायला हात पुरत नाहीत.” पुढे नवे कीबोर्ड आले, कचेरीनं मला भंगारात काढलं आणि बाईंनी मला पिशवीत घालून घरी आणलं. मग कितीतरी वर्षं मी कपाटावर, जुन्या उशांच्या शेजारी. धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला विचारा.

बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. तेव्हा त्यांनी खुणा करून मला खाली काढायला लावलं. आता त्या माझ्यावर टाइप करतात आणि वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचतो. त्यांना दिसतं कमी. अक्षर लागलं की नाही, ते त्यांना माझ्या टिकवरूनच कळतं. थोडक्यात, मी बाईंचं तोंड आहे. आणि ते तोंड काही गप्प बसणारं नाही.

“भाजीत मीठ आहे, की आजही नावापुरतंच?” कॉम्प्युटर बातम्या दिल्यासारखा विचारतो, आणि हसावं की रडावं हे सूनबाईला कळत नाही.

सूनबाई नवी आई. बाळ रडलं तर घाबरते, आणि गप्प झोपलं तर जास्तच घाबरते, नाकाशी बोट धरून बघते. त्या दिवशी तिनं बाळाला आजीच्या मांडीवर दिलं, दुधाची वाटी पुढे केली आणि बाळानं वाटीला हात मारला.

तिनं मला कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं. जीव वाचला, पण खटके पार कोरडे पडले. दांडी खरखरायची, मध्येच अडायची. बाईंनी “बाळाला टोपी घाल” टाइप केलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, “बाळाला टोप घाल.” बाई तेच बटण दातओठ खात दाबत बसल्या. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. अडलं की जोर लावतात, जसा काही मी बहिराच आहे.

“थांबा आई, मी तेल घालते,” सूनबाई म्हणाली आणि बाळाच्या मालिशची बाटली घेऊन आली. “बाळाच्या अंगाला चालतं, मग याला का नाही चालणार?”

मलाही वाटलं, बघू तरी कसं असतं! पण तेल पातळ. ते ओघळत खाली गेलं, जिथे धातूला धातू टेकतो तिथे जाऊन बसलं. वरची सगळी ओळ मुकी झाली.

उरल्यासुरल्या अक्षरांवर बाईंनी कसंबसं टाइप केलं, “आता याला दुपट्यात गुंडाळ.”

सूनबाईचे डोळे भरले. तिनं धाकट्या दिराला फोन लावला. त्याला रेडिओ, घड्याळं, जे दिसेल ते उघडून बसायचा नाद. तो पिशवीभर डब्या आणि कुंचले घेऊन आला.

“वहिनी, पुढच्या वेळी पावडरही लावा!” त्यानं खटके उघडले, तेल पुसून काढलं आणि दोन डब्या मांडल्या. एकीत घट्ट पांढरं ग्रीस, दुसरीत सायीसारखं मऊ. “घट्ट ग्रीस पत्तीला लावलं की हा असा गप्प होईल, की घरात आहे हेही विसराल.”

“तेच लावा भाऊजी,” सूनबाई लगेच म्हणाली. “हा वाजला की बाळ दचकेल म्हणून माझा जीव टांगणीला असतो.”

बाई जोरजोरात मान हलवत होत्या. पण बोलणार कशा? त्यांचं तोंडच टेबलावर उघडं पडलं होतं.

“आई, काम तेच होईल, फक्त आवाज जाईल,” धाकटा म्हणाला. बाईंनी टेबलावर हात आपटला. मग माझ्या कोपऱ्यातल्या आकड्यांच्या बटणांकडे बोट दाखवलं, एक इकडे, एक तिकडे. आधी तिथे लावून बघा!

धाकट्यानं एका खटक्यात पत्तीसकट घट्ट ग्रीस भरलं. दुसऱ्यात फक्त दांडीच्या कडांना मऊ ग्रीसचा हलका हात फिरवला आणि पत्ती कोरडी ठेवली. मला जोडलं. बाईंनी डोळे मिटले.

पहिलं बटण दाबलं. ओल्या मातीत बोट रुतावं तसं ते गेलं, आवाज नाही. बाई थांबल्या. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग नाक काचेला लावून पडदा वाचायला लागल्या. आकडा प्रत्येक वेळी उमटला होता.

“आई, तुम्हाला कळलंच नाही?” सूनबाईचा आवाज बारीक झाला.

बाईंनी दुसरं बटण दाबलं. खरखर गेली होती. मऊ सरकून पत्ती सुटली, ‘टिक’.

सतरंजीवर पाठमोरं बसलेलं बाळ गर्रकन वळलं. भराभर रांगत आलं आणि आजीच्या गुडघ्याला टेकून त्यानं हात वर केले.

दिवसभर कॉम्प्युटर एवढा बोलतो, पण त्याच्याकडे या बाळानं कधी मान वळवली नव्हती.

“भाऊजी, पत्ती कोरडी ठेवा,” सूनबाई म्हणाली.

“आणि याची झोप?”

“मोडली तर थोपटेन. त्याला आजीचा एवढाच आवाज ठाऊक आहे हो. तो कसा बंद करू?”

मग एकेका खटक्यात तिनं स्वतः कुंचल्यानं ग्रीस लावलं, बाळाची नखं कापताना धरते तसा श्वास धरून. सगळी बटणं बसल्यावर बाईंनी टाइप केलं, “काल भाजीत मीठ बरोबर होतं. सांगायचं राहिलं.”

सूनबाई हसली, आणि रडलीही.

आता मी खिडकीपाशी असतो. दूध, खाऊ लांब. बाळ दुपारी माझ्या शेजारीच झोपतं, क्वचित दचकतं.

तुमच्याही कपाटावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला उघडा, पुसा, वंगणाचा हलका हात द्या. आधी फारशा न लागणाऱ्या बटणावर लावून बघा. आणि कुणी त्याला गप्प करायला निघालं, तर माझा एवढा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवा. आधी विचारा म्हणावं, या आवाजाकडे घरात कोण वळून बघतं?