रडू आलं म्हणून पटलं नाही

जसोदाबाईला सिनेमा आवडायचा, पण आवडतो म्हणून त्यातलं सगळं मुकाट्याने गिळायला ती तयार नसे. कापूस वेचून झाला की दर हिवाळ्यात प्रकाशा गावाच्या पडीक जमिनीवर फिरत्या सिनेमाचा तंबू लागायचा. मध्ये कनात, अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. जसोदा गोधडी घेऊन पुढे बसायची आणि रीळ बदलायला दिवे लागले की लगेच मत द्यायची. सिनेमातली आई पहिल्यांदा खोकली की ती मरणार हे ठरलेलंच, मग इतका वेळ कशाला लावतात? नायक रडका आहे, त्यापेक्षा खलनायक बरा, निदान मनातलं बोलतो तरी. गाणी चांगली असली तर बाकीचं माफ. तिचा नवरा चुनीलाल शहाद्याच्या वाचनालयातून तिला कादंबऱ्या आणून द्यायचा. त्यातलीही चांदण्याची पानं ती सरळ उलटायची. चांदणं काय, अंगणात दिसतंच, म्हणायची.

शेजारची दगूबाई जसोदाच्या अगदी उलट. पडद्यावर कुणी उपाशी झोपलं तरी तिचा पदर ओला. तरी कोणता खेळ बघावा हे विचारायला गल्लीतल्या सगळ्या बायांबरोबर तीही जसोदाकडेच यायची.

सासरे बन्सीलाल पाटलांना हे रुचत नसे. गुजर पाटलांच्या घरच्या सुनेने सिनेमाच्या गप्पा हाकाव्यात, हे त्यांना शोभेसं वाटत नव्हतं. पण सासू गेल्यापासून घर जसोदाच सांभाळत होती, आणि तेही नेटकं. म्हणून ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्या वर्षी दिवाळीनंतर नणंद प्रमिला माहेरी परत आली. आली म्हणजे तिच्या नवऱ्याने बैलगाडीतून आणून दारात उतरवली आणि गाडी तशीच फिरवली. तिचं आणि सासूचं पटत नव्हतं. त्यावरून त्याने तिला मारलंही होतं, दंडावरचे वळ जसोदाने स्वतः शेकले. मग सासरहून निरोप आला : आपल्या पायांनी येईल, सगळ्यांसमोर पाया पडेल, तर घरात घेऊ. प्रमिलेने बोलणंच टाकलं. भाकरी थापायची, गुरांना पाणी दाखवायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

अशात एक दिवस बन्सीलालांनीच दोन गाड्या जुंपायला सांगितल्या. तंबूत नवा खेळ लागला होता, फार चांगला आहे म्हणाले, गल्लीतल्या सगळ्या बायांनी बघावा असा. प्रमिलेनेही यायचं. जसोदाला नवल वाटलं आणि आनंदही झाला. सासऱ्यांनी आपण होऊन सिनेमाला न्यावं, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

खेळ असा होता : एका जमीनदाराची बायको. जाऊ तिच्यावर आळ घेते, नवरा तिला घराबाहेर काढतो. ती वर्षानुवर्षं देवळात झाडलोट करते, पण नवऱ्याला दोष देत नाही. शेवटी तो आजारी पडतो. ती वादळवाऱ्यात कोसच्या कोस चालत येते, त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि तिथेच प्राण सोडते. तो बरा होतो. तंबूत हुंदके आवरेनात. दगूबाई तर गदगदून रडत होती. जसोदाच्याही डोळ्यांना धार लागली. डोळे पुसत तिने शेजारी पाहिलं, तर प्रमिला कोरड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत होती, न्यायाधीशाने निकाल वाचावा आणि आरोपीने ऐकावा तशी. तेव्हा कुठे जसोदाला गाड्या कशासाठी जुंपल्या होत्या ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया ओसरीवर पापड लाटायला जमल्या होत्या. बोलणं अर्थातच खेळाचं चाललं होतं. बन्सीलाल आले, खाटेवर बसले. बायांनी पदर पुढे ओढले. सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे, काही सांगायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून. पण आज त्यांनीच तिला हाक मारली.

"जसोदा, तुले सिनेमामधलं समदं समजस. बायास्ले सांग, त्यामधून काय शिकानं."

लाटणी थांबली. हो म्हणणं सोपं होतं. चार शब्द बोलली असती तर सासरे खूश झाले असते, पुढच्या हिवाळ्यात कुणी अडवलं नसतं. इतकी वर्षं ज्या नादाला नावं ठेवली, त्यालाच आज मान मिळत होता. जसोदाने प्रमिलेकडे पाहिलं. तिचे हात पिठातच होते.

"आबा, माले तो खेळ नही पटना," जसोदा म्हणाली. पदर डोक्यावरच होता, आवाज मात्र स्वच्छ होता. "तिन्हा काही गुन्हा नव्हता. गुन्हा त्यानी करा, आन चालत ती गयी. तो खाटवर बठेल ऱ्हायना. तिन्हा जागे मी ऱ्हाती, ते गयी नसती."

बन्सीलालांचा चेहरा उतरला. मध्येच दगूबाई हळूच म्हणाली की तिला तर बाई खेळ आवडला, ती किती रडली, आणि जसोदाही रडत होती, तिने पाहिलं होतं. ते खरंच होतं, आणि जसोदाने नाकारलं नाही. रडले, ती म्हणाली, मिरची नाकात गेली तरी रडू येतं. रडू आलं म्हणून पटलं असं होत नाही.

बन्सीलाल उठले. यापुढे या घरातल्या बाईने तंबूत पाय ठेवायचा नाही, असं सांगून ते बाहेर निघाले. तेवढ्यात प्रमिला बोलली. किती दिवसांनी बोलली, त्यामुळे आवाज घोगरा झाला होता.

"त्याले आठे येवू द्या, आबा. मंग मी देखसू."

बन्सीलाल उंबऱ्यात क्षणभर थांबले. मागे वळले नाहीत, तसेच गेले.

संध्याकाळी चुनीलालने बायकोला समजावलं. भला माणूस होता, पण घरातल्या भांडणाला भ्यायचा. आबांची माफी माग, म्हणाला, विषय मिटेल. जसोदा म्हणाली, मी खोटं बोलले असते तर मागितली असती. त्यांनी मत विचारलं, मी सांगितलं. मत ऐकायचं नव्हतं तर विचारायचं नव्हतं. चुनीलाल कंदिलाची वात कमी करत म्हणाला की बाप्यांकडे बसून बघताना खेळ त्यालाही लांबलेलाच वाटला होता.

आठवडाभर सासऱ्यांनी सुनेच्या हातचं ताट घेतलं, पण तिला हाक मारली नाही. प्रमिलेच्या सासरी मात्र त्यांनी निरोप धाडला, तोही तिच्याच शब्दांत : जावयाने स्वतः यावं. जावयाऐवजी त्याचा थोरला भाऊ आला. प्रमिला त्याला पाणी देऊन आत निघून गेली. जावई आला नाही. होळीच्या आधी बातमी आली, त्याने दुसरी केली. बन्सीलाल त्या दिवशी शेतावरून उशिरा आले आणि जेवले नाहीत. कुणाचं चुकलं याची चर्चा त्यांनी केली नाही, पण पाया पडायची गोष्ट पुन्हा त्यांच्या तोंडून निघाली नाही.

तंबू उठायच्या आधी एक खेळ उरला होता. जसोदाने कुणाला विचारलं नाही. ऊन कलल्यावर गोधडी काखेत मारली, प्रमिलेला घेतलं, दगूबाईला हाक मारली आणि तिघी ओट्यासमोरून निघाल्या. ओट्यावर बन्सीलाल बसले होते. वाट तीच एक होती असं नाही, मागच्या आळीनेही जाता आलं असतं. पण जसोदा तिथूनच गेली, पदर नेहमीसारखा, चाल नेहमीसारखी. बन्सीलालांनी पाहिलं. तंबाखू चोळत राहिले.

खेळ भिकार निघाला. नायक दोन भावांपैकी धाकटा, सारखा कविता म्हणत हिंडणारा. परतताना जसोदाने एका वाक्यात निकाल लावला : धाकटा मूर्ख, थोरला दुष्ट, खेळ फुकट.

"थोरला दुष्ट नव्हता," प्रमिला म्हणाली.

जसोदा थबकली. तिच्या मतावर गल्लीत कुणी उलट बोलत नसे. प्रमिला थांबली नाही. थोरल्याने शेत राखलं, बहिणीचं लग्न केलं, त्याचं कुणी गाणं केलं नाही, इतकंच. कविता करणाऱ्यापेक्षा तो बरा. थोरल्याने आईला फसवल्याचं जसोदाने काढलं, आई आधी त्याच्याशी कशी वागली ते प्रमिलेने काढलं. दगूबाई मधून चालत दोघींचंही खरं म्हणत होती. घर आलं तरी वाद मिटला नव्हता, आणि ओट्यावरून खाकरत बन्सीलालांनी दार उघडं आहे म्हणून सांगितलं, तेव्हाही दोघी अंगणात उभ्या राहून भांडतच होत्या.