नायलॉनचा स्वेटर

आत्याने मला आतोबांकडे वकील म्हणून पाठवलं तेव्हा माझ्याजवळ रसायनशास्त्राची पदवी होती आणि भरपूर रिकामा वेळ होता.

"तू शिकलेली आहेस, शास्त्राच्या भाषेत समजाव त्यांना," ती म्हणाली. "माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." मग पोळपाट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तिने खरं काय ते सांगितलं. "मला ते घरी धड यायला हवेत. तुकड्यांनी नकोत."

आतोबा चष्मे बनवायचे. भिंगं घासून घासून त्यांची बोटं गुळगुळीत झाली होती आणि हात असा स्थिर होता की सुईच्या नेढ्यात ते पहिल्या खेपेला दोरा ओवत. स्वभावाने इतके जपून की घरात काडी आत्याच पेटवायची. अशा माणसाने उतारवयात शोभेच्या दारूचा नाद धरला, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं.

गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात हौशी मंडळींचा एक संघ होता. परवाना, तपासणी, कुंपण, सगळं रीतसर. मी तिथे गेले ते धोक्यांची मोजदाद करायला. पण मला सवय आहे, दिसेल त्याला प्रश्न विचारायची. हा नाद तुम्हाला लागला कसा, असं मी प्रत्येकाला विचारत सुटले. संघात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना सगळे 'बिनभुवई' म्हणत. का ते विचारायची गरज नव्हती. ते म्हणाले, "दिवसभर लोक माझ्यासमोर 'आ' करतात ते भीतीने. एकदा मला आनंदाने 'आ' केलेली तोंडं बघायची होती." शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. लहानपणी कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकातून उडणाऱ्या ठिणग्या बघत त्या इतक्या वेळ उभ्या राहिल्या की घरच्यांना शोधायला यावं लागलं. बहुतेकांच्या गोष्टीत भीती आधी होती, आवड मागून आली होती. हे मी मनात टिपून ठेवलं, आत्याला सांगण्यासाठी.

आतोबांना विचारलं तर ते म्हणाले, "निळ्यापायी."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोलीचे नियम सांगितले. माझ्या पदवीवरून ते मला थट्टेने 'प्रोफेसर' म्हणत. मिश्रणाची खोली एवढीशी होती. खाली सिमेंट, मध्ये लाकडी टेबल, समोरासमोर दोन दारं. दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी, दोन्हींना कडी नाही.

"प्रोफेसर, काही झालं तर जवळचं दार गाठायचं. वस्तू वाचवायच्या नाहीत. माणूसही वाचवायचा नाही."

"माणूसही नाही?"

"एक जाणार असेल तर एक जाऊ दे. दुसऱ्याने हौस म्हणून कशाला?"

दुसरा नियम कपड्यांचा. आत यायचं ते सुती घालून, आणि दाराजवळ जमिनीत गाडलेल्या तांब्याच्या पट्टीला हात लावून. कोरड्या हवेत आपण चाललो, कपडा कपड्यावर घासला, की अंगावर वीज साठते. दाराच्या मुठीला हात लावताना टचकन झटका बसतो ना, तीच. आपल्याला जाणवतही नाही एवढी ठिणगी काही मिश्रणांना पुरते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्या खोलीत ते ऐकल्यावर मात्र मी मागे जाऊन पट्टीला आणखी एकदा हात लावून आले.

मी आत्याला सगळं सांगणार होते. पण त्याच संध्याकाळी मैदानात आतोबांनी हरभऱ्याएवढी एक गोळी पेटवून दाखवली. हिरवी जळाली. ती विझेपर्यंत मी श्वास रोखून होते, आणि तो सोडला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाला, "परत." आतोबांनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाचा नंबर वाढलेला कळल्यावर बघायचे तसं.

त्यानंतर मी आत्याला देत गेले ती उत्तरं अशी: "बोलते आहे." "हळूहळू पटतंय त्यांना." आत्या काही दूधखुळी नव्हती.

थंडी पडली. ओठ फुटत होते, केस फणीला चिकटून उभे राहत होते. एका दुपारी आतोबा टेबलाशी उभे राहून चाळणीतून निळ्याचं मिश्रण लाकडी ताटात गाळत होते. दार त्यांच्या पाठीशी. मी कोपऱ्यात पाण्याच्या बादलीपाशी फडकी पिळत होते. संघाचे बाकीचे लोक मैदानात खड्डे खणत होते, त्यांच्या कुदळींचा आवाज येत होता.

समोरचं दार धाडकन उघडलं.

"वा! वकील धाडला तर वकीलच फितूर!" आत्या होती. भराभर चालत आल्याने गाल लाल झालेले. पायात रबरी चपला, अंगात तिने स्वतः विणलेला जांभळा स्वेटर. त्याची लोकर नायलॉनची होती. मला ठाऊक होतं, कारण ती गुंडाळताना मीच तिच्यासमोर हात पसरून बसले होते. "आणि तुम्ही! घरात दुधाला उतू जाऊ देत नाही आणि इथे—"

बोलत बोलत ती टेबलापाशी पोचलीसुद्धा. पट्टीला हात लावायचा असतो हे तिला कोण सांगणार होतं?

आतोबांचा चेहरा पांढरा पडला. "अगं, स्वेटर! स्वेटर नायलॉनचा आहे! इथे चालत नाही!"

चूक तिथे झाली. नियम पाठ असलेल्या माणसाने नियमच ओरडून सांगितला. समोरच्या माणसाने तो ऐकला आणि पाळला.

"चालत नाही तर नाही, काढते. त्यात एवढं ओरडायचं काय?" म्हणत आत्याने दोन्ही हातांनी खालची कड धरली आणि स्वेटर वर ओढला.

तडतड आवाज झाला. तव्यावर मोहरी पडावी तसा, पण बारीक.

अंगात असलेल्या नायलॉनपेक्षा अंगातून निघणारं नायलॉन कितीतरी वाईट. दोन कपडे एकमेकांपासून सुटतात तेव्हाच वीज सगळ्यात जास्त उसळते. हे मला एका झटक्यात आठवलं.

"थांब!" आतोबा म्हणाले.

ती थांबली. स्वेटर डोक्यावर उलटा झालेला, अंबाड्याच्या पिनांमध्ये अडकलेला. आत तोंड, वर दोन हात, आणि उजवं कोपर ताटाच्या वर, वीतभर अंतरावर. ताटात मऊ, राखाडी पूड. असल्या पुडीने काय होतं ते बिनभुवईंच्या भुवयांवरून कळत होतं, आणि त्यांच्या वेळची पूड तर चिमूटभरच होती.

"काय झालं?" स्वेटरमधून आवाज आला. "अहो, बोला ना. मला काही दिसत नाही."

"काही झालेलं नाही," आतोबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. डोळे तपासताना ते गिऱ्हाइकाशी बोलायचे तो आवाज, खालचा आणि एकसारखा. "हलायचं नाही. हात खाली घ्यायचे नाहीत, वर न्यायचे नाहीत. दुकानात तुला खुर्चीवर बसवतो ना, तशी. समोर बघ."

"समोर लोकर आहे."

"मग लोकर बघ."

त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट बादलीकडे हलवलं. मला कळलं. जमीन ओली करायची, तिचे पाय ओल्या जमिनीला टेकवायचे, मग स्वेटर भिजवायचा. पाणी आलं की वीज जमिनीत उतरते. पण बादलीपासून तिच्यापर्यंत जायचं होतं, आणि चालणं म्हणजेसुद्धा घासणं. मी आधी माझ्याच पायांवर पाणी ओतलं. मग रांगत निघाले, बादली पुढे सरकवत, तिची कड कशावर आपटू नये म्हणून एका हाताने धरून. माझे दात वाजत होते आणि त्या आवाजाचीसुद्धा मला भीती वाटत होती.

आतोबांच्या पाठीमागे दार होतं. एक पाऊल मागे, एक धक्का, की बाहेर उजेड. ते हलले नाहीत. चाळणी त्यांच्या हातात जिथल्या तिथे होती, जराही न थरथरता.

"तुला पुलाचं उद्घाटन आठवतं?" त्यांनी विचारलं.

"आता?" स्वेटर म्हणाला. "आता पूल आठवायचा?"

"आठवतं का सांग. मान हलवू नकोस, तोंडाने सांग."

"न आठवायला काय झालं? मीच नेलं होतं तुम्हाला. डोळ्याची पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी. नको नको म्हणत होतात."

"मोतीबिंदूने माझं सगळं जग चहाच्या रंगाचं झालं होतं. आणि मला पत्ताच नाही. मी, दुसऱ्यांचे डोळे तपासणारा. हळूहळू पिवळं होत जातं ना, कळत नाही. मग त्या संध्याकाळी पुलावरून शोभेच्या दारूचं पहिलं नळकांडं उडालं आणि ते निळं होतं. मला वाटलं, हा रंग इतकी वर्षं कुठे होता?"

मी आत्याच्या पायांपाशी पोचले होते. सिमेंटवर पाणी पसरवलं. चपलेच्या टाचेला हळूच हात लावून कुजबुजले, "आत्या, एक पाय वर. चप्पल काढते. पायाखाली ओलं लागेल, दचकू नकोस."

"अगं आई गं, बर्फ आहे का पाणी?" पण ती दचकली नाही. "आणि त्या दिवशी तुमच्या अंगात शर्ट निळाच होता हो."

"तो मी करडा समजून घेतला होता."

स्वेटरच्या आत ती हसली. खांदे हलले. कोपर बोटभर खाली आलं.

"हसू नकोस," आतोबा म्हणाले. तोच आवाज. पण त्यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब मला दिसला, नाकाच्या शेंड्याकडे येणारा, आणि खाली ताट. त्यांनी मान तसूभर वळवली. थेंब टेबलावर पडला. "निळा सगळ्यात अवघड. ज्योत जरा जास्त तापली की पांढरट पडतो, कमी तापली की दिसतच नाही. मधली एक बारीक फट आहे, तेवढ्यात तो राहतो. मला एकदा, फक्त एकदा, तसा बघायचा आहे."

"म्हणजे मीच घातलं तुम्हाला या खड्ड्यात," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. बहुधा तिला तेव्हा समजलं, आपण कुठे उभ्या आहोत ते.

दुसरा पाय ओल्या जमिनीवर आला. मी फडकं भिजवून तिच्या पाठीवर पिळलं, मग खांद्यांवर, मग डोक्यावर. तिच्या तोंडून हुंदक्यासारखा श्वास निघाला. लोकर गडद झाली, जड झाली, लोंबली. तडतड नव्हती. तरी मी पिळत राहिले, बादली तळाला जाईपर्यंत.

"आता मागे," आतोबा म्हणाले. "हिचा हात धर. सरळ मागे, हात तसेच वर."

पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखी आत्या उलटी उलटी दाराबाहेर गेली.

बाहेर विटांच्या ढिगावर बसून ती लटलट कापत होती. मी तिच्या अंबाड्यातून पिना सोडवल्या, स्वेटर काढला, माझी सुती चादर तिच्याभोवती गुंडाळली. आतोबा मागच्या दाराने आले. ताटातली पूड त्यांनी बादलीत उरलेल्या पाण्यात बुडवून टाकली होती. सुईत पहिल्या खेपेला दोरा ओवणाऱ्या त्या हातांना आता चष्मा पुसायला जमत नव्हतं.

आत्या त्या खोलीकडे बघत होती. "त्या मागच्या दाराचं काय काम?"

मी सांगितलं. "काही झालं तर जवळच्या दाराने पळायचं. माणूसही वाचवायचा नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"आतोबांनी."

आत्याने नवऱ्याकडे बघितलं. "मग गेला का नाहीत?"

"चष्मा राहिला होता टेबलावर."

"चष्मा नाकावर होता. बोलताना घसरला की तुमचा आवाज नाकात जातो, मला ऐकू येतं."

आतोबा तिच्याशेजारी विटांवर बसले. "संपलं," ते म्हणाले. "आजपासून बंद. देवाशपथ."

आत्याला हेच हवं होतं. यासाठीच तिने मला पाठवलं होतं, यासाठीच ती स्वतः आली होती. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती बराच वेळ चादरीचं टोक पिळत बसली.

"आत ना," ती म्हणाली, "त्या स्वेटरमध्ये, मिट्ट काळोख होता. आणि ओढला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बारीक बारीक ठिणग्या उडाल्या. निळ्या. अशा निळ्या की..." तिला शब्द सापडेना. "तुम्ही म्हणता तो असाच का हो?"

आतोबांचा चेहरा पुन्हा पांढरा पडला, खोलीत तिचा स्वेटर बघून पडला होता तसा.

स्वेटर वाळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्याकडे बसले होते. आतोबा कपातला चहा बशीत ओतत होते. आत्या आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं, दिवा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

मग तडतड.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"आत काय करतेस?" आतोबांनी विचारलं.

"काही नाही. स्वेटर काढते आहे."

लोकर सरसरल्याचा आवाज आला. ती परत अंगात घालत असावी. मग पुन्हा तडतड, या वेळी हळू, बेताबेताने ओढल्यासारखी. माझ्या नकळत मीसुद्धा श्वास रोखला होता.

"अहो," काळोखातून तिचा आवाज आला, "रविवारी तिकडे यायचं तर जुनी सुती ओढणी चालेल ना डोक्याला? आणि पिना नकोत, बरोबर?"

आतोबांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी तो बशीत टेकवला, पण कानातलं बोट सोडवेना, म्हणून तो थोडा वेळ वाजतच राहिला.